बावीस लिटर

भरीत बडजीत ठेचून झालं होतं,
कढईत गोडंतेल नुकतं ओतलेलं, पुऱ्या लाटायच्या होत्या,
तेव्हा बऱ्हाणपूर रस्त्याच्या मोरीवर टँकर कलंडला.
फार आवाज नाही.
म्हैस चिखलात बसते तसा बसला
आणि पोटाखालून वाहू लागला.

आधी सुपडूभाऊ धावला, कळशी घेऊन.
मग आम्ही सगळे.
कोणी फवाऱ्याची टाकी, कोणी दुधाची बरणी,
पोरांनी दप्तरातल्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या.
लीलाधरने तर कढईतलं तेल बांधावर फेकलं
आणि तीच कढई घेऊन पळाला.
तेलासाठी तेल सांडलेलं तेव्हा कोणाला दिसलं नाही.

ड्रायव्हर मैलाच्या दगडाला टेकून बसलेला,
कपाळ फुटलेलं, एक चप्पल पायात.
"बिडी मत जलाना भाई," एवढंच म्हणत होता,
"कोई बिडी मत जलाना."
आम्ही त्याला ओलांडून गेलो. काही जण दोनदा.
चुलीतला पराटीचा विस्तव विझवायचं
माझ्या भाच्याला सुचलं, नऊ वर्षांच्या.

माझे बावीस लिटर.
एक वीसचा कॅन, एक थंड्याची बाटली.
टेम्पोच्या हौद्यात घोंगडीखाली झाकले
आणि घरी आल्यावर हिला म्हणालो, भरीत उरलंय, गरम कर.

आम्हाला उचलता आलं नाही ते
नाल्याने उचललं.
रात्रभर नेलं, हळूहळू, न सांडता,
थेट तापीच्या फुगवट्यापर्यंत.

टिबुकली कुठे बुडली ते दिसतं,
कुठे निघेल ते कळत नाही.
लहानपणी काठावर बसून आम्ही त्यावर बोरं लावायचो.
मी नेहमी हरायचो.
त्या पहाटे ती बुडतच नव्हती.
काठाच्या गाळात बसलेली, मुठीएवढी, 
पिसं चिकटून अर्धी झालेली.
तिचे पाय पार मागे, पोहण्यापुरते,
जमिनीवर दोन पावलं टाकली की तोंडावर पडायची.
उठायची. चोचीने एकेक पीस पुसायची,
आणि पुसलेलं गिळायची.
पुन्हा एक पीस.
इतकी स्वच्छतेची आवड मी माणसात पाहिली नाही.

उपरण्यात गुंडाळली, शेजारच्या सीटवर ठेवली
आणि रावेरला निघालो, फॉरेस्टच्या ऑफिसात.
दोन्ही बाजूंना केळी, थंडीने चरका बसून पिवळ्या.
निंभोऱ्याच्या अलीकडे लक्षात आलं
की टेम्पो कशावर चाललाय.
वाटलं थांबावं. थांबून काय करणार,
चालत नेलं असतं तर दुपार झाली असती.
पाय काढला नाही. उलट दाबला.

पोहोचलो तेव्हा उपरणं हलत नव्हतं.

गार्ड गुलशेर तडवीने रजिस्टर उघडलं.
पक्षी: टिबुकली. नग: एक.
"कारण?"
मी म्हणालो, "थंडी असेल. केळीलाही चरका बसलाय यंदा."
त्याने माझ्या हातांकडे पाहिलं,
नाक किंचित आक्रसलं,
मग पेन झटकून लिहिलं: थंडी.
त्याचीही मोटरसायकल बाहेर उभी होती.

आठवडाभर गावातलं कोणी पंपावर गेलं नाही.
पोलीस आले तेव्हा कॅन केळीच्या बागेत,
खोडाखोडाशी, पाचटाखाली.
ड्रायव्हरचं काय झालं, कोणी विचारलं नाही;
त्याची दुसरी चप्पल मात्र
बरेच दिवस मोरीच्या कठड्यावर होती,
कोणीतरी नीट उचलून ठेवलेली.

पुढच्या अमावास्येला पुन्हा भरीत केलं.
लीलाधरने कढई राखेने तीनदा घासून आणलेली.
पहिली पुरी त्याने कुत्र्यापुढे टाकली.
कुत्र्याने हुंगली,
आमच्याकडे एकदा पाहिलं
आणि बांधावरून निघून गेला.

आम्ही खाल्ल्या.